साठीनंतर कराटे चालू ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस-तीस वर्षं कराटे केलेले आणि आता गुडघा कुरकुरायला लागलेले, नोकरी-संसारात मध्ये सोडून परत येऊ पाहणारे आणि साठीत पहिल्यांदा पांढरा पट्टा बांधणारे अशा तिघांसाठी हे पान आहे. उदाहरणं शोतोकान या कराटेच्या शाखेची घेतली आहेत. गोजू-र्यू, शितो-र्यू किंवा वादो-र्यू करणाऱ्यांनी ती आपापल्या कातांना, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमांना, लावून घ्यावीत. ऊन, फरशी, उपवास आणि जेवण मात्र आपल्या मराठवाड्यातलंच धरलं आहे.

साठी आली. आता पट्टा खुंटीला टांगायचा का?

टांगू नका. शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ चा. ओकिनावातली ही कला घेऊन ते १९२२ साली टोकियोला गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांचं शिकवण्याचं मोठं काम त्यानंतर झालं. १९५७ साली ते गेले.

पण शरीरात नेमकं काय बदलतं ते समजून घ्यायला हवं. वय वाढतं तसे स्नायूंमधले जलद तंतू आधी बारीक होतात, त्यामुळे ताकद ओसरण्याच्या आधी झटका ओसरतो. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, ताठर होतात. तोल सांभाळणं मंदावतं. आणि कालच्या सरावाचा थकवा आज जात नाही, परवा जातो. याउलट अंतराचा अंदाज, समोरच्याच्या खांद्यावरून हल्ला ओळखणं आणि योग्य क्षण पकडणं, हे इतक्या वर्षांत कमावलेलं सहजासहजी जात नाही. म्हणून आकडे आणि खोली कमी करा, नेमकेपणा तसाच ठेवा. खालची बहुतेक उत्तरं याच धाग्याने जातात.

सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

रक्तदाब, ईसीजी, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन. छातीत दुखणं, जिना चढताना धाप, घरात हृदयविकार किंवा जुना मधुमेह असेल तर ट्रेडमिल टेस्ट लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. तिथे नुसतं ‘व्यायाम करू का’ असं विचारलं तर ‘करा, चालत जा’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी स्पष्ट सांगा: अनवाणी, तासभर, मध्ये अचानक जोर लावणाऱ्या हालचाली, गुडघे वाकवून उभं राहणं, कधी जोडीदारासोबत हलका संपर्क. मग सल्लाही नेमका मिळतो.

गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. कोणती गोळी सरावात कुठे आड येते ते पुढे दिलं आहे.

बीपीची गोळी चालू आहे. जोरात श्वास आणि किआई चालेल का?

किआई, म्हणजे ठोसा किंवा लाथ मारताना दिलेली आरोळी, चालेल, श्वास कोंडणं चालणार नाही. दम रोखून पोट आवळलं की रक्तदाब क्षणात उसळतो आणि सोडल्यावर झपकन खाली येतो. डोळ्यांपुढे अंधारी येते ती या दुसऱ्या टप्प्यात. सांचिनसारख्या कातामध्ये घशातून आवाज काढत, सगळं अंग आवळून श्वास सोडायची पद्धत आहे. साठीनंतर, त्यातही बीपी असेल तर, तोच काता मऊ करा. नाकाने श्वास घ्या, ओठ किंचित उघडे ठेवून न अडवता सोडा आणि आवळणं शेवटच्या पाव सेकंदापुरतंच ठेवा. किआई म्हणजेही बाहेर पडणारा श्वासच. तो गळ्यातून ओरडून काढला तर घसा बसतो. बेंबीखालून आला की दम कोंडायची वेळच येत नाही.

सरावाआधी रक्तदाब १८०/११० किंवा वर दिसला तर त्या दिवशी सराव नाही, डॉक्टरांना गाठा.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी गोळी असेल तर नाडी मुळातच फारशी वाढत नाही. घड्याळातला आकडा पाहून ‘अजून जोर आहे’ असं वाटतं आणि फसगत होते. बोलून पाहा. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं तर मध्यम जोर आहे. तीन-चार शब्दांवर दम लागला तर जोर जास्त आहे आणि तो मिनिटभरापुरताच असावा.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना सेइझामधून, म्हणजे वज्रासनासारख्या बैठकीतून, एकदम उठताना चक्कर येऊ शकते. आधी एक गुडघा वर, दोन श्वास, मग उभे राहा.

शुगर आहे. काही खाऊन यावं की रिकाम्या पोटी?

कोणतं औषध आहे त्यावर ठरतं. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर साखर अचानक उतरण्याचा धोका खरा आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर तो फार कमी. पहिल्या गटातल्यांनी सरावाआधी ग्लुकोमीटरवर बघावं. १०० च्या खाली असेल तर एक केळं किंवा अर्धी पोळी-भाकरी खाऊन पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करावं. २५० च्या वर असेल आणि अंगात कणकण, उलटी किंवा खूप तहान असेल तर सराव नको.

कोपऱ्यात तीन चमचे साखर एका पुडीत ठेवा. हात थरथरणं, गार घाम, चिडचिड, नेहमीचा काता मध्येच विसरणं यांपैकी काही झालं की पुडी पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. काता विसरणं हे लक्षण शिकवणाऱ्यांच्याही लक्षात राहू द्या. वयाने विसरले असं समजून सोडून दिलं जातं.

शुगर जुनी असेल तर तळव्याची जाणीव तपासून घ्या. जाणीव कमी असेल तर अनवाणी सराव बंद करून पातळ, सपाट तळव्याचे बूट घाला. आपल्याकडे हिवाळ्यात टाचांना भेगा पडतात आणि त्यात धूळ जाते. जाणीव नसलेल्या पायाची भेग पिकेपर्यंत कळतच नाही. घरी गेल्यावर पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, आणि भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा.

गुडघे दुखतात. कराटेमुळेच झिजले का?

बहुतेकदा दोष एखाद्या चुकीच्या सवयीचा असतो आणि ती सुधारता येते. तीन जागा तपासा.

पहिली, उभं राहण्याची लांबी. झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवून घेतलेली लांब बैठक) तरुणपणी साधारण दोन खांदे लांब घेतात. आता दीड खांदा पुरे. पुढच्या गुडघ्यातून ओळंबा सोडला तर तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पडला पाहिजे. अंगठ्याच्या आत पडला तर गुडघ्याची आतली बाजू ताणली जाते. लांबी कमी केली तरी मागच्या पायाचा रेटा सोडू नका. तो सुटला की ते नुसतं उभं राहणं होतं.

दुसरी, किबा-दाची, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी बैठक. तेक्की शोदान हा २९ हालचालींचा काता सगळाच्या सगळा किबा-दाचीत आहे. मांड्या थकल्या की गुडघे आत कोसळतात आणि पुढची सगळी मोजणी गुडघ्याच्या खर्चाने होते. बैठक उंच घ्या, काता दोन तुकड्यांत करा, मध्ये अर्धा मिनिट उभे राहा.

तिसरी जागा वळणाची. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं म्हणून जरा सविस्तर सांगावं लागेल. हेइआन शोदान या सुरुवातीच्या काताच्या २१ हालचालींत २७० अंशांचं वळण दोनदा येतं: तिसऱ्या आगे-उकेच्या (वरच्या बचावाच्या) किआईनंतर आणि तिसऱ्या ओई-झुकीच्या (पाऊल पुढे टाकून मारलेल्या ठोशाच्या) किआईनंतर. दोन्ही वेळा पुढे उजवाच पाय असतो. म्हणजे दोन्ही वळणांचा भार उजव्या गुडघ्यावर, आणि काता पाच वेळा केला की तशी दहा वळणं. खरबरीत शहाबादी फरशीवर अनवाणी तळवा घट्ट बसतो. कंबर फिरते, कंबरेसोबत मांडी फिरते, तळवा जागचा हलत नाही. मधला गुडघा पिळवटतो आणि आतली गादी चिमटते. एकाच झटक्यात फाटते असं नाही. ‘उजवाच गुडघा का दुखतो’ असं विचारणाऱ्यांनी आधी ही दोन वळणं बघावीत.

सुधारणा अशी. किआई झाल्यावर घाई न करता एक श्वास पूर्ण सोडा. उजव्या गुडघ्याचा बाक थोडा कमी करून अंग दोन बोटं वर येऊ द्या. ‘डोकं वर-खाली करू नका’ हा जुना दंडक इथे मोडतो, मोडू द्या. मागचा डावा पाय उजव्याजवळ ओढा. टाच फरशीवरून कागद सरकेल इतकी हलकी करून चवड्यावर फिरा. पाऊल, गुडघा आणि बेंबी तिन्ही एकाच वेळी वळली पाहिजेत. एका दमात जमत नसेल तर वळण दोन टप्प्यांत तोडा. डावा पाय टेकला, मग वजन, मग हात. शेवटची गेदान-बाराई (खालचा बचाव) किंवा शुतो-उके (तळहाताच्या कडेचा बचाव) तेवढीच कडक हवी.

गुडघा आत अडकतो, मध्येच लुळा पडतो, किंवा सरावानंतर काही तासांत सुजतो, असं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गुडघा बदलला आहे. सगळं संपलं का?

नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी आल्यावर उंच बैठकीतले हेइआन काता, हाताचे प्रकार, हळू चालीचे सराव करता येतात. उड्या, संपर्काचं कुमिते (जोडीदाराशी लढत), पूर्ण जोराची लाथ आणि जागेवर पिळून वळणं कायमचं सोडा. गुडघ्यावर टेकायच्या जागी खुर्ची वापरा.

लाथा कुठपर्यंत उचलाव्यात?

पट्ट्यापर्यंत. माए-गेरीत (समोरच्या लाथेत) महत्त्वाचं आहे गुडघा आधी उचलणं आणि लाथ गेली तितक्याच वेगाने परत ओढणं. उंचीचा क्रमांक त्यानंतर. हवेत लाथ किंवा ठोसा मारताना सांधा पूर्ण सरळ होऊन ‘टक’ असा आवाज येत असेल तर हाडावर हाड आदळतंय. दोन बोटं आधी थांबायला शिका, थांबवायचं काम सांध्याने नव्हे तर स्नायूंनी करायचं.

मावाशी-गेरीत (बाजूने फिरवून मारलेल्या लाथेत) टेकवलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळल्याशिवाय खुबा मोकळा होत नाही. जांघेत टोचत असेल तर उंची कमी करा, ताणून तो अडथळा जात नाही. योको-गेरी केकोमी (बाजूला रेटून मारलेली लाथ) भिंतीला एक हात लावून, हळू, प्रत्येक बाजूला पाच. हळू केलेल्या लाथेने तोल आणि ताकद दोन्ही वाढतात, आणि ती जोरात मारण्यापेक्षा अवघड आहे हे पहिल्याच दिवशी कळतं.

आठवड्याला किती दिवस? रोज केलं तर?

पूर्ण सराव तीन दिवस, एक दिवसाआड. मधल्या दिवसांपैकी दोन दिवस वीस मिनिटं ताकदीची. जागतिक आरोग्य संघटनेचं ६५ वर्षांपुढच्यांसाठीचं मापही याच्या जवळ जातं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकद, तीन दिवस तोल.

एक तास असा वाटा. १५ मिनिटं अंग तापवणं, १५ किहोन (मूलभूत प्रकार), २० काता, ५ जोडीदाराचा सराव, ५ सैल होणं. किहोनमध्ये शंभर-शंभर ठोसे मोजायची सवय सोडा. विसाव्यानंतर ते हळूच असतात आणि हळू ठोशाचीच सवय अंगी लागते. त्याऐवजी ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) पाच, पूर्ण वेगाने, मग एक मिनिट विश्रांती, असे चार फेरे. झटका टिकवायचा तर झटकाच द्यावा लागतो, फक्त मोजका.

ताकदीच्या दिवशी खुर्चीतून हात न लावता उठबस ८ वेळा, तीन फेरे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी वर जाऊन तीन मोजत टाच खाली, १० वेळा, तीन फेरे, कठडा धरून. भिंतीला टेकून दंड १०. पाठीवर झोपून कंबर उचलणं १०. आणि दात घासताना बेसिनजवळ एका पायावर ३० सेकंद, मग दुसऱ्या.

वेदनेचं माप ठेवा. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या सकाळी उरत नाही, ते चालेल. सकाळपर्यंत टिकलं तर पुढच्या वेळी निम्मं करा.

अंग तापवताना काय करावं?

आल्या आल्या पाय पसरून ताण देत बसू नका. थंड कंडरा ओढली की दुखते. जागेवर चालणं, खांद्यांची वर्तुळं, घोटे, खुबे, पाय पुढे-मागे हलके झुलवणं, मग अर्ध्या जोराने हेइआन शोदान एकदा. हलका घाम फुटला की तयार. स्थिर ताण शेवटी, प्रत्येकी ३० ते ६० सेकंद. परभणीकडे जानेवारीत पहाटे कडाका असतो, तेव्हा १५ ची २० मिनिटं करा आणि गीखाली (कराटेच्या पोशाखाखाली) पातळ स्वेटर ठेवा.

टाचेमागची कंडरा सकाळी ताठ वाटत असेल तर उड्या नकोत. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो, आणि साठीपुढे तो जास्त, सोबत स्टेरॉइड असेल तर आणखी. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी ती मिळाली असतील तर कोर्स चालू असताना आणि नंतरही काही आठवडे उड्या व झटके टाळा. टाचेमागे दुखलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

एप्रिल-मेमध्ये काय करायचं? पत्र्याचा हॉल आहे.

पहाटे साडेपाच ते साडेसहा, बस. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्रा संध्याकाळी सातलाही आग ओकत असतो, आणि वीज गेली की पंखाही नाही. साठीनंतर तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट बघू नका. येण्याआधी दोन तास, किंवा पहाटे उठल्या उठल्या, दोन पेले पाणी. मध्ये दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट. सरावाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो उतरलं तर अर्धा ते पाऊण लिटर पाणी भरून काढायचं आहे.

घाम जास्त गेला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शुगरवाल्यांनी हे नेहमीचं पेय करू नये. बीपीवाल्यांनी मीठ घातलेलं ताक मोजून प्यावं. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर डॉक्टरांचंच माप पाळा. ज्वारीची आंबील सरावानंतर उत्तम.

जाड कॅनव्हासचा गी उन्हाळ्यात ठेवून द्या, हलका सुती घाला. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले की सावली, गी सैल, ओलं फडकं मानेवर आणि काखेत. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन करा.

शहाबादी फरशी, मॅट की माती?

चांगली झाडलेली, ओल्या फडक्याने पुसून वाळवलेली गुळगुळीत फरशी काता-किहोनसाठी चालते. उड्या तिच्यावर नकोत. धूळ राहिली तर पाय घसरतो, फार खरबरीत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे तळवा चिकटतो. पाऊल टेकवून थोडं फिरवून बघा, दोन सेकंदांत कळतं. कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या मॅट पडण्यासाठी बऱ्या. पण त्यांत चवडा रुततो आणि जोडाच्या फटीत अंगठा अडकतो, म्हणून वळणाचे काता त्यांच्यावर हळू. शेणाने सारवलेलं अंगण गुडघ्यांना सगळ्यात मऊ, फक्त खडा वेचून घ्या.

नवरात्रात नऊ दिवस उपवास असतो. रोजेही असतात. तेव्हा?

नेम सोडायची गरज नाही, जोर कमी करा. नवरात्रात साबुदाणा आणि भगर यांवर भर राहतो आणि प्रथिनं घटतात. दूध, दही, ताक, शेंगदाणे आवर्जून घ्या, कुमिते आणि लाथा दसऱ्यानंतर. पायी तुळजापूरला जाणाऱ्यांनी चालण्याच्या आठवड्यात पायाचे प्रकार पूर्ण बंद ठेवावेत. रोज्यात इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हलका काता जमतो. दुपारी, कोरड्या घशाने, घाम येईल असं काही नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर उपवास आणि सराव दोन्ही डॉक्टरांना विचारूनच एकत्र करा.

या वयात प्रथिनं किती? पावडर लागते का?

मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. घरच्या जेवणात हे बसतं: ज्वारीच्या तीन भाकरी (प्रत्येकी ६० ग्रॅम पीठ) साधारण १८, दोन वाट्या घट्ट वरण १३, पेलाभर दूध साडेसहा, मूठभर शेंगदाणे किंवा त्यांची चटणी सात, वाटीभर दही पाच, २५ ग्रॅम सोयाबीन वड्या १३. साठीच्या वर झाले. अंडी खात असाल तर एकाला सहा धरा. गडबड होते ती वाटणीत. सकाळी नुसता चहा-बिस्कीट, दुपारी भाकरी-ठेचा आणि सगळं वरण रात्री. तिन्ही वेळांना थोडं थोडं घ्या. पावडरीची गरज बहुतेकांना पडत नाही.

कुमिते करावं का?

ठरलेलं कुमिते, हो. गोहोन (पाच पावलांचं) आणि सानबोन (तीन पावलांचं) आधी, मग किहोन-इप्पोन (एका पावलाचं). मुक्त कुमिते पोरांशी करू नका. रागाने नाही, उत्साहाने लागतं. नेहमीपेक्षा वीतभर जास्त अंतर ठेवा, कारण मागे सरकायला आता तेवढा वेळ जास्त लागतो. सरळ मागे न जाता तिरकं सरका. कवळी काढून ठेवा. दोन भिंगांचा चष्मा असेल तर खालच्या भागातून जमीन धूसर दिसते आणि पाऊल चुकतं, सरावापुरता एकाच नंबरचा, पट्टा लावलेला चष्मा करून घ्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत जोडीदाराचा सराव नको.

वॉरफेरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर संपर्काचा सराव बंद. डोक्याला मार लागला, वरून काही दिसलं नाही तरी, लगेच दवाखाना.

पाळी गेलेल्या बायकांनी वेगळं काय बघावं?

हाडं आधी. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते, म्हणून डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. ठिसूळपणा निघाला तर पाठ पुढे वाकवून केलेल्या उठाबशा आणि वाकून पिळणं बंद. मणका दबतो तो यानेच. पडण्याचा सराव गादीवर, बसलेल्या स्थितीतून, तोही शिकवणारा शेजारी असताना. उभं राहून पाय जोराने टेकवणारे प्रकार हाडांसाठी चांगले, सांधे मान्य करतील तेवढे.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून इथे लिहितो. किआई दिली किंवा उडी मारली की थेंबभर लघवी होते, आणि त्या लाजेने बायका वर्ग सोडतात. हा स्नायूंचा प्रश्न आहे आणि व्यायामाने सुधारतो. लघवी रोखतो तसं आवळून पाच मोजायचं, पाच मोजत सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. किआईच्या आधी क्षणभर आवळा. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. कराटे सोडायचं कारण हे अजिबात नाही.

माकिवारा आणि मुठीवरचे दंड चालू ठेवावेत?

बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर दोन्ही बंद. नसतील तर लवचिक फळीच्या माकिवारावर (ठोसे मारायच्या खांबावर) प्रत्येक हाताने २०-२५ हलके ठोसे, आठवड्यातून दोनदा. मनगट वाकलं की तिथेच थांबा. फरशीवर मुठीचे दंड नकोत.

शिकवणारा मुलाच्या वयाचा आहे. अवघडल्यासारखं होतं.

वर्गात तो सर किंवा सेन्सेई. बाहेर तो तुम्हाला काका किंवा मावशी म्हणेल आणि तुम्ही त्याला अरे-तुरे केलंत तरी चालेल. मात्र वर्गात वयाची सवलत मागू नका आणि मुकाट सोसूही नका. सुरुवातीलाच बाजूला घेऊन सांगा: ‘सर, उजव्या गुडघ्याचा त्रास आहे, बैठक उंच घेईन, उड्या गाळीन, बाकी सगळं करीन.’ शिकवणाऱ्यांनाही सांगणं आहे, काकांना कोपऱ्यात उभं करून फक्त मोजणी करायला लावू नका. चूक दाखवा. ज्याची चूक कुणी दाखवत नाही तो लवकर सोडून जातो.

पट्ट्याची परीक्षा या वयात द्यावी?

द्यायची असेल तर जरूर. किमान सहा आठवडे आधी परीक्षकांना दुखण्याची माहिती लेखी द्या, कोणत्या जागी काय बदल करणार ते लिहा. बैठक उंच चालेल. नजर, क्रम, श्वास, शेवटचा कस आणि काता संपल्यावरची सावधता यांत सूट नसावी, आणि ती मागूही नये.

गावात वर्ग नाही. एकट्याने कसं करू?

ओसरीत आठ बाय आठ फूट जागा पुरते. जागा अपुरी पडली तर मूळ रेषेवर परत येण्यासाठी एक पाऊल मागे घ्या. माळवदावर किंवा कठडा नसलेल्या गच्चीवर वळणाचे काता नकोत. मोबाइल कमरेच्या उंचीवर, एकदा समोरून, एकदा बाजूने ठेवून एकच काता टिपा. समोरून गुडघा आत पडतो का ते दिसतं, बाजूने पाठ पुढे झुकते का ते. महिन्याला एकदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वर्गाला जाऊन तपासून घ्या. घरात कुणी नसताना सराव करत असाल तर फोन हाताला लागेल असा ठेवा.

कधी तत्काळ थांबायचं?

छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, विनाकारण गार घाम, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, शब्द अडखळणं. बसवा, १०८ लावा, आणि वेळ लिहून ठेवा. अर्धांगाच्या उपचारात लक्षणं किती वाजता सुरू झाली हे डॉक्टर आधी विचारतात.

साठीत पहिल्यांदा सुरू करतोय. कुठून?

पहिले तीन महिने फक्त उभं राहणं, सरळ ठोसा, चार बचाव आणि खुर्चीतून उठबस. लाथा चौथ्या महिन्यापासून, भिंत धरून. हेइआन शोदानचे चार तुकडे करा, एका तुकड्याला दोन आठवडे. जमिनीवर बसून पुन्हा उठणं हाही सरावच समजा: आधी एक गुडघा, हात मांडीवर, मग वर.

चिकनगुनिया झाला होता. दोन महिने झाले, बोटं आणि घोटे अजून आखडतात.

पावसाळ्यानंतर हा प्रश्न हमखास येतो. सांध्यांचं दुखणं काही आठवडे ते काही महिने, काहींना त्याहूनही जास्त टिकतं. ताप गेल्यावर लगेच पूर्ण जोर लावला तर आठवडाभर मागे जाता. सकाळी कोमट पाण्यात हात-पाय दहा मिनिटं, मग मूठ उघड-मीट वीस वेळा. काता ऊन चढल्यावर, सांधे सैल झाले की, चालण्याच्या वेगाने. सूज असलेल्या दिवशी फक्त हाताचे प्रकार खुर्चीत बसून. आखडणं सकाळी अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल किंवा तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. डेंग्यू झाला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट येईपर्यंत जोडीदाराचा सराव नाही.